शिसे आधी, रॉड नंतर : रात्री पुळणीवर गरवणाऱ्यांचे प्रश्न

पावसाळा सरून समुद्र निवळला की रात्री पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) गरवायला, म्हणजे गरी-दोरीने मासे धरायला, जाणाऱ्यांची पत्रे वाढतात. या वेळी रॉड, रीळ आणि अंधारातली फेक यांबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाच्या पत्रांचा एकच प्रश्न केला आहे आणि पत्र जिथून आले त्या गावाचे नाव तेवढे ठेवले आहे.

प्रश्न (दापोली) : पुळणीवरून गरवण्यासाठी पहिलाच रॉड घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो १४ फुटी टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारा) घ्या, जितका रॉड लांब तितकी फेक लांब. मित्र म्हणतो १० फुटी पुरे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुम्ही किती ग्रॅमचे शिसे (दोरीला बांधायचे वजन) फेकणार, हे दोघांनीही विचारलेले दिसत नाही. रॉडची निवड तिथूनच सुरू होते. आमिष लाटांत आणि ओढीत जागेवर राहायला जेवढे शिसे लागते, तेवढे सहज फेकणारा रॉड हवा. कोकणातल्या मोकळ्या पुळणीवर भांगाच्या (भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या) दिवसांत ८० ते १०० ग्रॅम पुरते. उधाणात किंवा खाडीच्या मुखाजवळ १२० ते १५० ग्रॅम लागते. त्यात आमिषाचे वजन मिळवा. अर्धी तारली किंवा बांगड्याची जाड फाक ३०-४० ग्रॅमची सहज भरते. म्हणजे १२० ग्रॅम शिशाची फेक प्रत्यक्षात १५०-१६० ग्रॅमची होते.

रॉडवरच्या इतर आकड्यांपेक्षा फेकीच्या वजनाचा आकडा वाचा. तो कधी ग्रॅममध्ये असतो (१००-२००), कधी औंसात (४-८). एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, म्हणून ४-८ चा रॉड ११० ते २२५ ग्रॅमचा झाला. वरच्या टोकाचा आकडा मर्यादा समजा आणि तिच्या तीन-चतुर्थांशात काम करा. जोरात फेकताना रॉडवर नुसत्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. उलटी चूकही होते. १०० ते २५० ग्रॅमचा ताठ रॉड घेऊन ६० ग्रॅम शिसे फेकले तर रॉड वाकतच नाही आणि शिसे ३० मीटरवर पडते. मग नवशिका हाताचा जोर वाढवतो आणि फेक आणखी बिघडते.

लांबीचे म्हणाल तर १२ ते १३ फूट. १० फुटी रॉड खडकावर किंवा जेट्टीवर छान चालतो, पण पुळणीवर तुटत्या लाटेच्या वर दोरी उचलून धरायला तो अपुरा पडतो. १४ फुटी रॉडला उंच, ताकदीचा माणूस लागतो. दुकानातच एक परीक्षा करा. रॉडचा बुंधा काखेत धरा आणि उजवा हात रॉडवरून सरळ लांब करा. जिथे पंजा पडतो तिथे रिळाची बैठक हवी. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला हे अंतर ६५ ते ७० सेंटिमीटर येते. अनेक १४ फुटी रॉडना ते ८० सेंटिमीटरच्या पुढे असते. मग खालचा हात ओढू शकत नाही, वरचा हात ढकलू शकत नाही, आणि जास्तीची लांबी फुकट जाते.

टेलिस्कोपिक रॉड प्रवासाला सोयीचा, हे खरे. पण रात्रीच्या कामाला आमचे मत तीन तुकड्यांच्या रॉडकडे आहे. टेलिस्कोपिकच्या सांध्यांत वाळू शिरते. फेकीगणिक एखादा सांधा किंचित फिरतो आणि त्यावरची कडी (जिच्यातून दोरी जाते ती) रांगेतून सरकते. दिवसा हे डोळ्याला दिसते. रात्री ते कळते दोरी तुटल्यावर. तीन तुकड्यांच्या १३ फुटी रॉडचा प्रत्येक तुकडा साडेचार फुटांच्या आतबाहेर असतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचा छोटा उंचवटा लावून ठेवा, म्हणजे अंधारात बोटाने चाचपून कड्या एका रेषेत लावता येतात.

पैसे मोजके असतील तर रॉड काचतंतू-कार्बन मिश्रणाचा साधा घ्या आणि उरलेला पैसा रिळावर आणि दोरीवर घाला. खारा वारा आधी रीळ खातो. निव्वळ कार्बनचा रॉड हलका आणि चपळ असतो, पण खडकावर किंवा गाडीच्या दारात एक टोला बसला की तडा जातो, आणि तो तडा पुढच्या भर फेकीत उघडा पडतो.

प्रश्न (मुरुड-जंजिरा) : रात्रीसाठी स्पिनिंग रीळ बरे की आडव्या स्पूलचे (दोरी गुंडाळायच्या चाकाचे) मल्टिप्लायर?

उत्तर : स्पिनिंग. मल्टिप्लायरमध्ये फेकीच्या वेळी स्पूल स्वतः गरगर फिरते. शिसे पाण्याला टेकते त्याच क्षणी अंगठ्याने ते थांबवावे लागते, नाहीतर दोरी बाहेर जायची थांबते आणि स्पूल फिरतच राहते. मग स्पूलवर गुंत्याचा गोळा उठतो. दिवसा शिसे पडताना दिसते. रात्री लाटांच्या आवाजात त्याचा ‘चुळुक’ ऐकू येत नाही. शिवाय समोरून वारा आला की शिसे हवेतच मंदावते आणि स्पूल पुढे धावते. ज्यांचा अंगठा वर्षानुवर्षे तयार झाला आहे त्यांनी रात्री ब्रेक एक-दोन घरे वाढवून ते खुशाल वापरावे.

स्पिनिंगमध्ये ६००० ते ८००० आकाराचे, रुंद आणि उथळ-लांब स्पूलचे रीळ घ्या. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनची दोरी) किमान २०० मीटर मावला पाहिजे. दोरी स्पूलच्या काठापासून दीड ते दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरा. त्याहून कमी भरली तर प्रत्येक वेढा काठावर घासून बाहेर पडतो आणि फेक आखडते. काठोकाठ भरली तर एकदम चार-पाच वेढे सुटतात आणि पहिल्या कडीत गाठोडे अडकते.

प्रश्न (वेंगुर्ला) : गेल्या महिन्यात तीन रात्रींत पाच शिशी गेली. फेकताना ‘फट्’ आवाज होतो आणि शिसे दोरी तोडून अंधारात निघून जाते. दोरी ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) आहे, नवी आहे. दोरीच खराब निघाली का?

उत्तर : दोरीला दोष देण्याआधी एक गोष्ट सांगतो. तुटून सुटलेले १२० ग्रॅमचे शिसे माणसाच्या डोक्याला लागले तर जीव जाऊ शकतो. म्हणून कारण सापडेपर्यंत पूर्ण जोराची फेक बंद ठेवा.

पहिला संशय लीडरचा. पत्रात लीडरचा उल्लेख नाही, त्यावरून तुम्ही ब्रेडेड दोरी थेट शिशापर्यंत नेत असावात. ब्रेडेड दोरी ताणतच नाही. फेकीचा झटका तिला एका जागी बसतो. तो झेलायला पुढे जाड तंगुसाचा लीडर लागतो. गणित सोपे आहे. शिशाचे जेवढे औंस, त्याच्या दहापट पौंडांचा लीडर. ११५ ग्रॅम म्हणजे ४ औंस, तर लीडर ४० पौंडी. १४० ग्रॅमला ५० पौंडी. ५० पौंडी तंगूस साधारण ०.६५ ते ०.७० मिलिमीटर जाडीचा येतो. लांबी रॉडच्या दुप्पट ठेवा. १३ फुटी रॉडला आठ मीटर. त्यात शिसे लोंबते तो दीड मीटर, टोकापासून रिळापर्यंतचा सव्वातीन मीटर, आणि उरलेल्यातून स्पूलवर पाच-सहा वेढे तरी बसलेच पाहिजेत. दोन वेढ्यांवर भागवले तर ताण थेट गाठीवर येतो. ब्रेडेडला लीडर जोडताना एफजी गाठ सर्वांत सडपातळ. ती घरी, उजेडात बांधून न्या. किनाऱ्यावर विजेरीच्या प्रकाशात ती नीट बसत नाही. तिथे बांधायची वेळ आली तर डबल युनी बांधा आणि आवळण्याआधी पाण्याने ओली करा.

लीडर असूनही तुटत असेल तर कारण बहुधा रॉडच्या टोकाला असते. वाऱ्याने ढिली दोरी टोकाच्या कडीभोवती एक वेढा घेते. दिवसा तो दिसतो, रात्री नाही. प्रत्येक फेकीआधी शिसे हातात धरून दोरी एकदा ताणा आणि रिळातून हातभर दोरी सहज सुटते का ते पाहा. अडली तर टोक खाली घेऊन बोटाने तपासा. या तपासाला पाच सेकंद लागतात आणि रात्रीची निम्मी तुटातूट त्यानेच टळते.

मग रिळाची कमान (दोरी स्पूलवर घेणारी वाकडी तार) पाहा. मधूनच ती झटक्याने बंद होते. कमानीचे स्प्रिंग मऊ झाले असेल किंवा फेकीच्या धक्क्याने हँडल किंचित फिरत असेल. फेकताना हँडल अशा जागी थांबवा की ते आपल्या वजनाने खाली पडून कमान पाडणार नाही. त्यानंतर कड्या. कडीतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर असली तरी ब्रेडेड दोरी कापली जाते. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा, तंतू अडकले की समजा तिथे चीर आहे. शेवटी ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक. फेकीआधी तो पूर्ण आवळा. सैल ड्रॅगवर स्पूल फेकीत घसरते, दोरी बोटातून सरकते आणि ३० पौंडी ब्रेडेड दोरी बोट हाडापर्यंत कापू शकते. तर्जनीला चामड्याचे टोपण किंवा हातमोजा घाला. फेक झाल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करायला विसरू नका, नाहीतर मोठा मासा रॉडच घेऊन जाईल.

प्रश्न (वसई) : दिवसा फेक बरी जाते. रात्री मात्र कधी आभाळात, कधी पुढच्या दहा मीटरवर. अंधारात फेकीची पद्धत वेगळी असते का?

उत्तर : पद्धत तीच, पण दिवसा जे डोळे करतात ते रात्री स्पर्शाने आणि मोजून करावे लागते. एक बंधन मात्र घालून घ्या. शिसे झोपाळ्यासारखे झुलवून मारायची फेक रात्री वर्ज्य. शिसे कुठे आहे ते दिसत नसताना झुलवणे म्हणजे शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्या डोक्याशी खेळ. जमिनीवरून उचलून डोक्यावरून मारायची साधी फेक रात्रीला सर्वांत भरवशाची.

आधी मागे वळून पाहा आणि चाचपा. मागे दहा मीटर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच जागा मोकळी हवी. सुरूच्या झाडाची फांदी, होडीचा दोर, वाळत घातलेले जाळे, विजेची तार, काहीही नको. बरोबर कोणी असेल तर फेकण्यापूर्वी ‘टाकतोय’ असे मोठ्याने म्हणण्याची सवय सगळ्यांना लावा.

डावा पाय पुढे, उजवा मागे, खांदे समुद्राकडे अर्धवट पाठ करून. (डावखुऱ्यांनी उलट वाचावे.) शिसे टोकापासून किती लोंबते, यावर फेकीचा सूर ठरतो. रात्री ते मापायची युक्ती अशी की तीन तुकड्यांच्या रॉडचा वरचा तुकडा साधारण १३०-१४० सेंटिमीटरचा असतो, तेव्हा रॉड आडवा धरून शिसे वरच्या सांध्यापाशी येईपर्यंत दोरी सोडा. प्रत्येक वेळी तेवढेच. हे माप बदलत राहिले की शिसे सोडायचा क्षण बदलतो, आणि तुमची एक फेक आभाळात तर दुसरी पायाशी पडते ती बहुधा याच कारणाने.

लीडरची गाठ स्पूलच्या मागच्या, म्हणजे रॉडच्या बुंध्याकडच्या बाजूला बसलेली आहे का ते बोटाने पाहा. पुढच्या काठाशी असेल तर सुटताना ती बोट सोलते. दोरी तर्जनीवर घ्या, कमान उघडा. रॉडचे टोक मागे न्या आणि शिसे हळूच वाळूवर टेकवा. दोरी ताठ, शिसे वाळूवर स्थिर. लोंबते शिसे वाऱ्याने हलते, वाळूवरचे हलत नाही. आमिषाला वाळू चिकटते म्हणून काही जण हे टाळतात, पण कोळंबी किंवा माकूळ (स्क्विड) बारीक लवचीक दोऱ्याने गरीला गुंडाळलेले असले तर वाळू पाण्यात पडताच धुऊन जाते.

आता नजर वर. समोर क्षितिज आणि डोके यांच्या अर्ध्यावर एखादी चांदणी धरा. ४५ अंशांची खूण यापेक्षा सोपी नाही. डावा हात कपाळाच्या उंचीवर, उजवा मागे. वजन मागच्या पायावरून पुढच्यावर आणत रॉड आधी हळू ओढा, मग वेग वाढवत न्या. उजवा हात डोक्यावरून पुढे येताना ढकला आणि त्याच वेळी डावा हात बरगडीकडे खसकन ओढा. दोन्ही हात एकदम कामाला लागले की रॉड खरा वाकतो. उजवा हात चांदणीकडे सरळ होताच बोट सोडा आणि रॉड तिथेच, त्याच दिशेला रोखून धरा. सुरुवातीलाच झटका दिला तर शिसे उडी मारून बोटातून लवकर निसटते आणि वर जाते. बोट उशिरा सोडले तर समोरच्या लाटेत आपटते.

सोडल्यावर मनात सेकंद मोजा. तीन सेकंदांच्या आसपास शिसे पडले तर ५० मीटरच्या जवळपास, चार सेकंदांना ७०-८० मीटर. शिसे पडायच्या बेतात आले की बोट स्पूलच्या काठाला हलके टेकवा, म्हणजे दोरी सुटत राहत नाही. मग कमान हातानेच बंद करा, हँडल फिरवून नाही. बंद केल्यावर रिळाच्या वरची दोरी चिमटीत धरून एकदा ताणा. कमानीखाली राहिलेला तो एक ढिला वेढा पुढच्या फेकीत निघताना आपल्याबरोबर आणखी चार वेढे ओढतो आणि ब्रेडेड दोरीचा घोळ होतो. रत्नागिरी आणि पणजीहून ‘दर पाचव्या फेकीला गुंता’ अशी जी पत्रे आली आहेत, त्यांनाही हेच उत्तर.

जोर ७० टक्के ठेवा. रात्री शंभर मीटरची एक फेक आणि नंतर तीन गुंते, यापेक्षा ६० मीटरवर एकाच रेषेत पडणाऱ्या दहा फेकी जास्त मासे देतात.

प्रश्न (अलिबाग) : साठ मीटर पुरतात असे कसे? मासे तर खोल पाण्यात. आणि रात्री कोणत्या वेळी जावे?

उत्तर : दिवसा लाटेपासून लांब राहणारे मासे अंधार पडला की किनाऱ्याच्या उथळ पाण्यात चरायला येतात. लाट तुटते तिथे वाळू उकरली जाते आणि तिच्या अलीकडे-पलीकडे किनाऱ्याला समांतर घळ पडते. कोळंबी, खेकडे, बारीक मासे तिथेच अडकतात. ढोमे, शिंगाळे, पाकट, संधी मिळाली तर रावस आणि जिताडा याच पट्ट्यात फिरतात. मुडदुशी तर कधी कधी गुडघाभर पाण्यात असते. सगळे बळ लावून मारलेले शिसे या घळीच्या पलीकडे, मोकळ्या वाळूवर पडते. एक रॉड ६०-७० मीटरवर, दुसरा २०-२५ मीटरवर, अशी सुरुवात करा. जिथे चावा येतो ते अंतर परत ओढताना हँडलचे फेरे मोजून लक्षात ठेवा.

ही घळ रात्री शोधता येत नाही. त्याच दिवशी ओहोटीला जाऊन पुळण बघून या. पाणी साचलेले लांबट खळगे, वाळूचा रंग बदललेले पट्टे, ओहोळाचे मुख हे सगळे भरतीत पाण्याखाली जाणार. किनाऱ्यावरच्या एखाद्या दिव्याची किंवा माडाची खूण धरून ठेवा.

वेळ भरतीवर. अलिबागला पूर्ण ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, यावरूनच तिथे पुळण किती सपाट आहे ते कळते. अशा ठिकाणी ओहोटीत कितीही लांब फेका, शिसे घोटाभर पाण्यात. पूर्ण भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दीड तास, एवढाच वेळ कामाचा. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला ढोबळपणे लागू पडतो. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. जसजसे दक्षिणेला जाल तसतशी भरती लवकर लागते, मालवण-गोव्याला मुंबईच्या आधी. पक्क्या वेळेसाठी त्या त्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहा. उधाणाला मुंबईकडे पाणी साडेचार-पाच मीटर चढ-उतार करते, ओढ जबर असते आणि गोल शिसे वाहून जाते. तारांचे पाय असलेले पकडीचे शिसे तेव्हा लावा. नवशिक्यांनी सप्तमी ते दशमी हे भांगाचे दिवस धरावेत.

गरी आमिषाला शोभेल अशी. मुडदुशीला ६ ते ८ नंबर आणि कोळंबीचा तुकडा. ढोम्याला १ ते १/०. शिंगाळा, रावस यांना ३/० ते ४/० आणि तारली किंवा माकूळ. वर्तुळाकार सर्कल गरी लावली असेल तर चावा आल्यावर झटका देऊ नका. दोरी ताठ होऊ द्या आणि सावकाश गुंडाळा, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते.

प्रश्न (मालवण) : रात्री दिवा किती आणि कसला?

उत्तर : कपाळावरचा दिवा, ज्यात लाल प्रकाशाची सोय आहे. गरीला आमिष लावायला, गाठ मारायला लाल प्रकाश पुरतो आणि डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. पांढऱ्या दिव्यानंतर डोळे पुन्हा जुळायला २० मिनिटांच्या वर लागतात. पाण्यावर दिवा मारत बसू नका, उथळात आलेला मासा बुजतो. रॉडच्या टोकाला चमकणारी रासायनिक कांडी (४.५ मिलिमीटर जाडीची) चिकटपट्टीने लावा, पण कडीच्या मागे, म्हणजे दोरी तिला अडकणार नाही. टोकाखाली हातभर परावर्तक पट्टी गुंडाळली की अधूनमधून दिवा फिरवूनही टोक दिसते.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम. वेळास, आंजर्ले, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या काही पुळणींवर ती रात्री वर येतात. उजेड दिसला की मादी अंडी न घालता परत फिरते आणि पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. अशा पुळणीवर हंगामात गरवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरीकडे कासव दिसले तर दिवा बंद, दोरी गुंडाळायची आणि लांब थांबायचे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे.

आणखी एक. काही रात्री सूक्ष्म जीवांमुळे लाटा निळ्या चमकतात. तेव्हा पाण्यातली दोरी आणि शिसे हलले की तेही उजळतात. अशा रात्री चावे मंदावले तर नवल मानू नका. आमिष हलवू नका आणि गरीजवळची दोरी बारीक ठेवा.

प्रश्न (श्रीवर्धन) : रॉड वाळूत रोवायला घरी काय करता येईल?

उत्तर : दोन इंची पीव्हीसी नळी, चार फूट लांब. एक टोक ४५ अंशांत तिरके कापा म्हणजे वाळूत घुसते. वरून दीड फुटावर आरपार भोक पाडून बोल्ट घाला, रॉडचा बुंधा त्यावर टेकतो. दीड फूट तरी वाळूत जाऊ द्या, आणि नळी ओल्या, घट्ट वाळूत रोवा. घंटी लावाल तर ती चावा सांगते, पण वाऱ्यातही वाजते. नजर टोकावरच ठेवा. दोन रॉडमध्ये तीन मीटर अंतर हवे.

प्रश्न (गुहागर) : रात्री शिंगाळा लागला आणि काढताना काटा बोटात गेला. रात्रभर ठणका. काय करायला हवे होते?

उत्तर : शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात. ते ताठ करून तो जागच्या जागी अडकवतो, आणि त्यांत विष असते. मासा वाळूवर घ्या, ओल्या फडक्याने डोके दाबा, गरी लांब पक्कडने काढा. पाकटाची नांगी शेपटीवर असते. त्याला उचलू नका, लीडर कापून सोडा. गुडघाभर पाण्यात जावे लागले तर पाय उचलून न टाकता घासत चाला, पाकट बाजूला सरकते.

काटा लागला तर जखम समुद्राच्या पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवा. आधी चांगल्या हाताने पाणी पाहा, दुखऱ्या बोटाला चटका कळत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याची सवय यासाठी लावावी. वेदना कमी झाली तरी डॉक्टरांना दाखवा. काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही पाहावे लागते. छाती-पोटात काटा गेला तर थेट रुग्णालय.

दोरीवर सापासारखे काही आले तर शेपूट पाहा. वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप, जहाल विषारी. गरी काढायच्या फंदात न पडता दोरी लांबूनच कापा.

प्रश्न (देवगड) : आमच्याकडे रापणकर म्हणतात रॉडवाल्यांनी इथे येऊ नये. त्यांची अडचण काय?

उत्तर : रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारी माणसे अनवाणी पुळणीवर मागे मागे चालतात. वाळूत राहिलेली एक गरी तळपायात किंवा जाळ्यात अडकली की त्यांचा दिवस गेला. रापण लागायची जागा आणि वेळ आधी विचारा, तिथे रात्री शिसे अडकवून ठेवू नका. तुटलेला तंगूस आणि गऱ्या डब्यात भरून परत न्या. पाण्यात जाळ्याचे फ्लोट दिसत असतील तर त्या बाजूला फेकूच नका. पुळण त्यांच्या पोटाची आहे.

प्रश्न (ठाणे) : घरी आल्यावर रीळ बादलीत बुडवून धुतो. तरी दोन महिन्यांत खरखर सुरू झाली.

उत्तर : बुडवल्यामुळेच. खारे पाणी आणि बारीक वाळू दाबाने आत शिरते. ड्रॅग आवळा, नळाच्या मंद धारेखाली रीळ धरा, पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. दोरी फिरते त्या छोट्या रोलरवर दर दोन-तीन रात्रींनी तेलाचा एक थेंब. तो अडकला की दोरीला पीळ पडतो. रॉडचे सांधे ओल्या फडक्याने पुसून त्यावर मेणबत्ती हलके घासा. अडकलेला सांधा पक्कडने पिरगाळू नका. सांध्यात बाहेरच्या बाजूला असलेल्या तुकड्याला थोडे कोमट पाणी लावा आणि दोन माणसांनी दोन्ही तुकडे धरून सरळ रेषेत ओढा.